मचामे गेटवरचा काटा

पहाटे सहाला मी काटा टांगतो.
आधी रिकामा. शून्यावर यायला हवा.
किलिमांजारोच्या पायथ्याला हवा दमट,
काही दिवशी तो रिकामाच आठशे ग्रॅम दाखवतो.
मी खालून एक चापट मारतो
आणि तो शरमल्यासारखा शून्यावर येतो.

मग हमालांची रांग.
माणशी वीस किलो, वर एक कांदासुद्धा नाही.
तंबू, गॅसची टाकी, अंड्यांचे ट्रे,
पाहुण्यांच्या घडीच्या खुर्च्या,
आणि निळ्या प्लास्टिकचा तो संडास,
ज्याच्यासमोर अचानक सगळ्यांना
बुटांच्या नाड्या बांधायच्या असतात.

एलिनामी तेमू पहिल्यांदा आली
तेव्हा अडतीस जणांत ती एकटी.
मुख्य गाइड शायो म्हणाला, बाई झोपणार कुठे?
जिथे तुम्ही झोपता, स्वयंपाकाच्या तंबूत.
आणि थकली तर?
थकलेल्या बाप्यांना खाली कोण आणतं?
शायोने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, एकोणीस किलो सातशे.
गुडघा गेल्यापासून मी डोंगर चढत नाही,
आकडे वाचतो.
आकड्यापलीकडचं विचारलं की मला ऐकू येत नाही.

तिला संडास मिळाला.
चार हंगाम.

मधल्या काळात ती गाइडची परीक्षा दोनदा पास झाली.
पहिल्यांदा म्हणाले, आवाज लहान आहे.
दुसऱ्यांदा म्हणाले, तसं नाही गं,
पण वर वारा सुटला की पाहुण्यांना
दाढीवाला माणूस बघून धीर येतो.
शायोला दाढी नाही.
हे तिथे कुणीच बोललं नाही.
मीही नाही.

मग जर्मनीहून एजंटाचं पत्र आलं :
तुमच्याकडे बायका किती?
लियातू साहेबांनी दुसऱ्याच दिवशी फोटोवाला बोलावला.
तिच्या हातात गाइडची काठी दिली,
हस म्हणाले, ती हसली,
काठी परत घेतली.
आठवड्याने फ्लेक्स छापून आला, दहा फुटी,
वर तिचं तोंड, खाली तीन भाषांत
‘संधी सर्वांना समान’.
तोंडदेखलं म्हणतात ते हेच,
एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं.

शिरा कॅम्पवर पाहुण्यांच्या मागे तो लावायचा होता.
न्यायचा कुणी?
गुंडाळी तिच्याच पाठीवर चढली,
संडासाच्या वर, आडवी.
हुक लावला. काटा थरथरला, थांबला.
वीस किलो सातशे.

जास्त होतंय, मी म्हणालो.
काहीतरी काढावं लागेल.

फ्लेक्स राहू दे, शायो म्हणाला,
साहेबांचा आहे.
ती म्हणाली, मग संडास काढा.

गेटवरची माकडंसुद्धा गप्प झाली असतील,
मी वर पाहिलं नाही.
अडतीस जोडी बुटांच्या नाड्या
एकदम सुटल्या.
शेवटी शायोचा पुतण्या गॉडलिसन पुढे झाला,
आईला कळू देऊ नका म्हणाला,
आणि निळं धूड त्याने पाठीवर घेतलं.

ती गेली.
चार किलोचं स्वतःचं हसू
खांद्यावर तिरकं टाकून,
हात मोकळे, मागे न बघता,
पहिल्या वळणाशी जिथे जंगल सुरू होतं
तिथे तिने वाटेतली एक वाळकी फांदी उचलली,
पानं झटकली,
आणि टेकत टेकत पुढे झाली.

ती अजून गाइड नाही.
फ्लेक्स शिराच्या वाऱ्यात दुसऱ्याच रात्री फाटला म्हणे,
ओठांपासून कानापर्यंत.

माझ्यापुरतं सांगायचं तर,
त्या पहाटे हवा दमट होती
आणि मी काट्याला चापट मारली नव्हती.
त्या दिवशी सगळ्यांचीच ओझी
आठशे ग्रॅमने हलकी चढली.
अकरा वर्षांत माझ्या हातून
एवढंच.
आणि तेही काही न करून.