कोरडा पारा, पहाटेची नोंद

शिवाजीनगरला, वेधशाळेच्या मागच्या इमारतीत
मी जुनी रजिस्टरं संगणकात उतरवतो.
कंत्राटी. पानाला अकरा रुपये.
डिसेंबरचं पान होतं, पहाटे साडेपाचच्या नोंदी :
नऊ पूर्णांक चार, नऊ पूर्णांक एक, आठ पूर्णांक आठ,
आणि मग एकदम
सोळा पूर्णांक दोन.
दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ, जणू काही झालंच नाही.

पडद्यावर चौकट लाल झाली.
शेवडेबाई चष्म्यावरून म्हणाल्या, “विसंगत. खूण करा, पुढे चला.”
मी म्हटलं, “विरोधाभासच की हा, एवढ्या थंडीत ऊब.”
त्यांनी पेन खाली ठेवलं.
बाईंनी पेन खाली ठेवलं की चहा गार होतो.
“विसंगतीत संगत सुटलेली असते, काटे.
पंगतीत एकाच्या पानात मीठ वाढायचं राहिलं, एवढंच.
वाढप्याला गाठा, मिटलं.
विरोधाभासात मीठ वाढलेलं असतं,
आणि जितकं घालावं तितकं अळणी लागतं.
तिथे वाढप्याला गाठून काय करणार?”

मी तरी वाढप्याला शोधत बसलो,
अकरा रुपयांत बसत नाही ते काम.
प्रत्येक पानावर निरीक्षकाची सही : ना. सी. खळदकर,
‘ळ’ची गाठ दर वेळी तितकीच घट्ट.
पाच पानं पुढे, शेऱ्याच्या रकान्यात,
फिकटलेल्या जांभळ्या शाईत सापडलं :
“दि. १४ रोजी दिसेना म्हणून कंदील पाऱ्याशी नेला.
नीट वाचावे म्हणून बराच वेळ धरला.
आकडा खोटा आहे. मी पाहिला तो हाच.
खोडत नाही.”

विसंगती तिथे संपली.
कारण सापडलं की ती चपला घालून घरी जाते.
पण तिच्यामागून कुणीतरी आत आलं होतं,
ते हललं नाही,
पाट ओढून समोर बसलं.
अंधार होता तोवर पारा खरा होता, वाचता येत नव्हता.
उजेड नेला, वाचता आला, आणि
वाचता वाचता पारा दुसराच झाला.
खळदकर जितके वाकले असतील,
जितका श्वास धरून, डोळे बारीक करून,
तितका आकडा त्यांच्यापासून वर सरकला असेल.
घाईघाईत एक नजर टाकली असती
तर कदाचित बरोबर आला असता.
यात चूक कुणाच्या नावावर लिहू?
कंदिलाच्या?
काळजीच्या?

रात्री दापोडीला पोचलो. बाबा खाटेवर.
खडकीच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं काढली,
येताना कान तिथेच ठेवून आले.
मी ओरडून विचारलं, “गोळी घेतली का?”
“ओरडू नकोस,” ते ओरडले, “ऐकू येत नाही!”
शेजारच्या गॅलरीत कुणीतरी हसलं.
मी आवाज उतरवला, आणखी उतरवला,
देवाजवळ पुटपुटावं तसं विचारलं.
“घेतली,” बाबा म्हणाले.
“दुपारचीही.”
आणि मग बराच वेळ
मी काहीच बोललो नाही, तेव्हा
ते मान डोलावत राहिले.

सकाळी बाईंना दोन्ही गोष्टी सांगाव्यात असं ठरवून गेलो.
पहिलीच सांगितली.
त्यांनी ते पान हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं,
मग काय वाटलं कोण जाणे, उन्हातून जरा मागे घेतलं.
“लाल चौकट राहू द्या,” म्हणाल्या. “शेरा उतरवा.”

शेऱ्याला संगणकात तीस अक्षरांची जागा.
कंदील मावला नाही. बराच वेळ मावला नाही.
‘आकडा खोटा आहे. मी पाहिला तो हाच.’
एवढं दाटीवाटीनं बसलं.
‘खोडत नाही’ बाहेर राहिलं.

ते लिहिलं नाही.
केलं.