काटा

द्राक्षाच्या रिकाम्या पेटीचं झाकण,
त्यावर ताट पालथं घालून ओढलेला गोल.
आठ फाका, फाकेत एकेक अक्षर.
मधोमध टिचबटण, आणि काटा
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा;
टोकाशी अजून 'आग्रहाचे' एवढं वाचता येतं.

आधी फिरेचना.
शेवंताबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाली,
मधे मणी घाला, बाई. घासतंय ते.
तिच्याच जुन्या पोतीतला एक काळा मणी.
मग असा फिरला
की पोरं आपली पाळी विसरली.

मोहाडीच्या अंगणवाडीची फरशी
मोरीकडे उतरती आहे.
मला सहा वर्षांत कळलं नाही,
काट्याला पहिल्या दिवशी.
क नाही, म नाही, दर वेळी ळ.
ळ बाळाचा. ळ बाळाचा. परत ळ बाळाचा.
पोरं कंटाळली. मीही.
कुठला शब्द सुरू होतो त्यानं?
म्हटलं, खाली पाटी सरकवावी
नाहीतर हे अक्षरच खोडावं.

"मळा," कुणीतरी म्हणालं.

रंगी. छाटणीला आलेल्या सुरगाण्याच्या घरातली,
दसऱ्यापासून भिंतीला टेकून बसलेली.
"नळ," म्हणाली. "आई नळावर गेली."
मग बराच वेळ काट्याकडे बघून,
"काळू."
काळू कोण गं?
"आमचा कुत्रा. तठंच राह्यला."

पाटी मी खिडकीत ठेवून दिली.
रंगीनं हात पुसले झग्याला
आणि काट्याला पुन्हा टिचकी मारली.