विकणे आहे

बसा. चहा येतोय, तोवर कव्हर काढतो.
एकोणीसशे बावन्नची एमजी, टीडी मॉडेल.
रंग मूळचा नाही, आधीच सांगतो.
विलायतेहून डबा मागवायचा
तर त्या पैशात आमची लुना आली असती.
मग द्राक्षाचं एक जून पान खिशात घालून
द्वारकेजवळच्या इब्राहिम पेंटरकडे सात खेपा घातल्या.
आठव्या खेपेला पानाचा चुरा झाला होता,
पण रंग जुळला.

मॅचिंग नंबर? नाही.
ब्लॉकला बोटभर चीर होती.
हे दुसरं इंजिन,
मनमाडजवळ पिठाच्या गिरणीला जुंपलेलं सापडलं.
उघडलं तर कोपऱ्याकोपऱ्यात बाजरी.

रेडिएटरची वरची टाकी
तांबट आळीतल्या निवृत्ती सोनकुळेंनी ठोकली.
वाकून बघा, बंबावर असतात तेच ठोके.
म्हणाले, शेवटी पाणीच तापायचंय ना?

नटांची डोकी इंग्रजी मापाची, आटे फ्रेंच मापाचे.
तीस वर्षं सातपूरला टूलरूममध्ये काढली,
असला संसार पाहिला नव्हता.
पाने सोबत देतो. बाजारात मिळायचे नाहीत.

आणि बॅटरीचं धन टोक चासीला.
हो, उलटंच.
जुन्या लोकांनी धन जमिनीत पुरलं, तसं समजा.
विसरलात तर धूर निघेल, मग मला फोन करू नका.
करा. रात्री दहापर्यंत.

आधीची मालकीण देवळालीची, होमायबाई.
पुढची काच आडवी पाडून, डोक्याला रुमाल बांधून
रेल्वेच्या फाटकाशी थांबायच्या.
आम्ही पोरं दिव्यांच्या पितळी पाठीत
आपापली लांबडी तोंडं बघायचो.
बाई म्हणायच्या,
बघायचा, पण हात नाय लावायचा.
त्या गेल्यावर बावीस वर्षं गाडी कोंबड्यांनी वापरली.
मी ओढून आणली त्या दिवशी
सीटवर तीन अंडी होती, एक कोमट.

(हॉर्नचं सांगितलंत का? आतून आमची ही.)
सांगतो.
उजवीकडे वळताना कधी कधी आपणहून वाजतो.
सगळं वायरिंग बदललं, तरी वाजतो.
लोक बाजूला होतात. तोटा नाही काही.

का विकतोय म्हणता?
गुडघा. क्लच दाबला
की गाडीआधी तो कुरकुरतो.
शिवाय पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही.
पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही,
आणि हल्ली मागचे थांबू देत नाहीत.

आकडा तुम्ही बोला.
हां, एक राहिलं.
दाराच्या चौकटीला ॲशचं लाकूड लागतं.
मला पेठच्या शाळेचे मोडके बाक मिळाले, सागाचे.
एका फळीवर कर्कटकानं कोरलेलं:
चंद्रभागा, सातवी ब.
रंधा हातात होता.
खूप वेळ हातातच होता.
डाव्या दारात आहे ती फळी, चामड्याखाली.
तुम्हाला दिसायची नाही.
किमतीत धरलेली नाही.

घ्या किल्ली.
आधी फिरवा नुसती, आणि ऐका,
पंपाची टिकटिक.
ती थांबली की मगच स्टार्टरची मूठ ओढा.
त्र्यंबक रस्त्याला काढू, अंजनेरीपर्यंत.
मी शेजारी बसतो.
बघतो नुसता.
हात नाही लावणार.