शेवटची दुरुस्ती

मी पुंडलिक चारी. बोर्ड रंगवतो.
बायण्याच्या होड्यांवर नावं, तियात्राचे पडदे,
चवथीला शंभरेक गणपतींचे डोळे.
विमान कधी रंगवलं नव्हतं, वास्कोत जन्म काढूनही.
ते डोक्यावरून जातं तेव्हा
बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबतो,
आवाज ओसरला की उरलेलं वाक्य
तिथूनच उचलतो. आम्हांला सवय आहे.

चिखलीच्या कमांडर बेलियप्पांनी बोलावलं.
सहा फूट बाय चार, तैलरंग, डिसेंबर एकाहत्तर.
"सी हॉक. माझं."
भिंत त्यांनी आधीच रिकामी केली होती,
खिळासुद्धा ठोकून ठेवलेला.

बिस्किटांच्या डब्यातून फोटो निघाले,
मागोमाग एका चाकाचं लाकडी विमान.
"नीट बघ, याचा जाळ शेपटीतून नाही,
पंखांच्या बगलेतून निघतो, दोन्हीकडून.
पाठ करडी. पोट बदकाच्या अंड्यासारखं.
आणि समोर एक सेबर काढ, पेटलेलं."
"तुम्ही पाडलेलं?"
"छे. आमच्या समोर कोणी वर आलंच नाही.
पण चित्रात समोर कोणीतरी लागतं ना?"

लागतं. पडदे रंगवणाऱ्याला हे सांगायला नको.
मी सेबर काढलं, माशासारखं तोंड उघडं,
आणि त्याच्या मागे असा धूर सोडला
की तियात्रात टाळ्या पडल्या असत्या.

दर गुरुवारी ते यायचे, चष्मा कपाळावर,
नाक कॅनव्हासला लागेपर्यंत वाकायचे.
केशरी वर्तुळ बाहेर, हिरवं आत. उलटं झालंय.
इथे रिबिटांची एक ओळ राहिली.
समुद्र चुकलाय, हा तुझा मुरगावचा झाला.
तिकडे खाडीचं पाणी चहासारखं,
दूध कमी पडलेल्या चहासारखं.
मी खरवडायचो, पुन्हा लावायचो.

डावीकडे खाली कोपरा रिकामा राहिला.
रिकामा कोपरा माझ्या हाताला सोसत नाही.
तिथे एक होडी घातली, बोटभर,
आणि तीत एक माणूस, कपाळावर हात धरून
वर बघणारा. लहानपणी सड्याच्या पठारावरून
आम्ही बघायचो तसा.

त्या गुरुवारी कमांडर वाकले
आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.
काही बोलले नाहीत. चहा तसाच राहिला.
पुढचा गुरुवार गेला. शिगमो गेला.
फोन नाही, उरलेले पैसे नाहीत.
कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला,
त्याच्यावर पोरांच्या छत्र्या टांगल्या गेल्या.

मग एका संध्याकाळी दारात मोटरसायकल थांबली.
पायलटच्या मागे बसून आलेले कमांडर,
भाड्याचे सुटे पैसे मोजत उतरले.
"सेबर पूस," म्हणाले.
मी मान डोलावली.
"होडीची उलांडी काढ. तिकडे नसते."
काढतो म्हटलं.
"आणि तो बघत नव्हता.
त्याचे दोन्ही हात कानांवर होते."

मी विचारलं, एवढ्या उंचीवरून दिसलं?
"उंची नव्हती," म्हणाले.

सेबरवर दोन हात मारले राखाडी रंगाचे.
उजेड तिरका पडला की अजून दिसतं,
वण दिसतो तसं.
मग गणपतीचे डोळे उघडायचा ब्रश घेतला,
तीनच केस उरलेत त्याला.
दोन कोपर काढले. पंजांना जागा नव्हती,
दोन ठिपके पुरले.

कमांडर मागे उभेच होते. स्टूल दिलं, बसले नाहीत.
"त्या होडीत आणखी—" त्यांनी सुरुवात केली
आणि दाबोळीवरून काहीतरी उठलं,
तावदानं थरथरली, रंगाच्या डब्यात लाट आली.

आवाज खाडीपलीकडे गेला.
मी ब्रश तसाच धरून थांबलो,
नेहमीसारखा.
त्यांनी वाक्य उचललं नाही.