कारणाचा रकाना

थोरल्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये
तीन वर्षांची रजिस्टरं मांडून बसलोय,
नरंदेकर मॅडमच्या प्रबंधासाठी.
त्यांना एक आकडा हवाय:
लाखात किती माणसांच्या
डोळ्याची खोबण मोडते.

बोटाला थुंकी लावून पानं उलटतो,
हिरव्या पेनानं टिंब करतो.
एकशे सत्त्याऐंशी झाली.

मोटरसायकली सगळ्यांत जास्त.
गगनबावडा रोड, सांगली फाटा,
आणि गळिताच्या दिवसांत
मागं लाल फडकंही न बांधलेली
उसाची ट्रॉली, अंधारात.
फुटबॉल नऊ. खेळाडू चार,
बाकीचे पाच बघायला गेलेले.
मुबारक शिकलगार, वय बावीस,
शिरोलीच्या फाउंड्रीत साखळीचा हूक सुटून आला.
तालमीतला एक पोरगा, कोपर लागलं;
त्यानं एवढंच विचारलेलं, "मातीत कधी उतरू?"
एक म्हैस. शिंग नव्हे, नुसतं डोकं हलवलं तिनं,
बीडशेडचे विष्णुपंत धारेला बसलेले.

मॅडम म्हणाल्या, खोबणीचा तळ
पतंगाच्या कागदासारखा असतो हो, काका.
बुक्की बसली की डोळा वाचतो,
खालची जमीन खचते.
ऐकलं, आणि उगाच
स्वतःचा गाल चाचपला.

मग बायका. एक्केचाळीस.
कारणाच्या रकान्यात: पडून.
जिन्यावरून पडून. पडून.
न्हाणीत पाय घसरून. पडून. पडून.
अक्षर ओळखीचं निघालं,
'ड'चं पोट फुगलेलं, उकार लांब ओढलेला.
माझंच.
तेव्हा मी अपघात विभागाच्या खिडकीत रात्रपाळीला.
कसं झालं, असं बाईला विचारायचो,
उत्तर बाईच्या मागं उभा असलेला द्यायचा,
मी लिहायचो. रांग मोठी असायची.
एकदा एकीनं, केर्लीची असावी,
उघड्या राहिलेल्या डोळ्यानं माझ्या पेनाकडं बघितलं.
'प' काढून मी थांबलो.
"लिवा की सायेब," तो म्हणाला.
लिहिलं.

"पडणारा माणूस हात पुढं टाकतो,"
मॅडम पानावरून नजर न काढता म्हणाल्या,
"मनगट मोडतं. या सगळ्या
डोळ्यावरच कशा पडल्या?"
मी म्हटलं, "रकाना लहान असतो, मॅडम."
पंखा फिरत राहिला.

आता प्रश्न छेदाचा.
शहर धरायचं की जिल्हा?
निपाणीकडनं येतात ते आपले धरायचे का?
आणि जे आलेच नाहीत,
हळदीचा लेप लावून
मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजले,
त्यांना रेघेच्या वर मांडायचं की खाली?
मॅडमनी पेन्सिल कानामागं खोचली.
"उद्या बघू," म्हणाल्या.

संध्याकाळी केएमटीच्या थांब्यावर
आमच्या गल्लीतली हौसाक्का आडनाईक
हनुवटी उचलून बसची पाटी वाचत होती.
गल्ली म्हणते, लई ताठा हाय तिला.
मान वर करूनच चालती,
नवरा गेला त्या दिवशी पण मान खाली न्हाई.
मीही म्हणायचो.
पण महिनाभर केसपेपर वाचलेत मी:
तळ खचला की डोळा वर वळत नाही,
वर बघावं तर एकाचे दोन दिसतात,
म्हणून माणूस हनुवटीच उचलतो
आणि नजर खालीच ठेवून
वरचं जग बघतो.

किती वर्षं झाली असतील?
त्यांच्या घराला जिना नाही.
आमची भिंत एकच आहे. रात्रीचे आवाज
मी रेडिओ मोठा करून ऐकले नव्हते.

"दादा, बाराच हाय न्हवं ही?"
"बारा," मी म्हणालो,
आणि पुढं काही विचारायला तोंड उघडलं
तोवर कंडक्टरनं घंटी मारली.
पायानं पायरी चाचपत ती चढली.
पडली नाही.