वाऱ्याची बाही

घर स्वस्त का, हे शेलीने सांगितलं नाही.
तिने सांगितलं, शेगडी नवी आहे,
तळघर कोरडं, आणि पॉपलरच्या रांगेमुळे
उत्तरेचा वारा अडतो.
अल्बर्टातला मार्च; बर्फ अजून पिंढरीपर्यंत.
पॉपलरच्या पलीकडे काहीतरी
मान खाली घालत होतं, वर काढत होतं,
न कंटाळता,
कमी ऐकू येणाऱ्या माणसाने
प्रत्येक गोष्टीला हो म्हणावं तसं.
"त्याची सवय होते," शेली म्हणाली.
वेंडेलने अंतर मोजलं. एकशे बारा पावलं,
बर्फातली, म्हणजे थोडी तोकडी.

सह्यांच्या वेळी वकिलाने समजावलं:
माती तुमची, गवत तुमचं,
विहिरीचं पाणी वापरण्यापुरतं तुमचं.
त्याखाली जे असेल ते राजाचं,
आणि राजाने ते कंपनीला दिलेलं.
मग आमच्या मालकीची जाडी किती, मी विचारलं.
तो मिशीत हसला.
"नांगर जाईल तेवढी धरा."

किल्ल्या द्यायला ओरिसिया ह्रीत्साक स्वतः आली,
ऐंशीची, पाठीत वाकलेली, पिकअप चालवत.
घर दाखवलं नाही तिने, ते आम्ही पाहिलं होतं.
कुंपणाच्या कोपऱ्यातला खांब दाखवला.
खांबावर बाही, चौकड्यांच्या फ्लॅनेलची,
मनगटाचं बटण अजून जागेवर.
"नेस्टरच्या शर्टाची. ही घराकडे वळली
की खिडक्या लावायच्या.
नासक्या अंड्याचा वास आला तर निदान कळतं.
येता येता वास एकदम थांबला, तर मात्र
कुत्र्याला घ्यायचं आणि वाऱ्याला आडवं चालायचं.
वाऱ्याबरोबर नाही. आडवं."
मग तिने बीटाच्या लोणच्याच्या दोन बरण्या दिल्या.
नेस्टर कशाने गेला, हे विचारायचं
आम्हा दोघांच्याही ओठांवर होतं.
बरण्या जड होत्या.

सवय झाली.
ब्रिन त्याच्या तालावर पाढे म्हणायची,
बे दुणे चारला मान खाली, बे त्रिक सहाला वर.
जूनमध्ये निळ्या पाकिटातून भाडं यायचं;
त्यातून छत झालं, ब्रिनचे दात सरळ झाले.
पाहुणे विचारायचे, हा आवाज कसला?
आम्ही विचारायचो, कुठला?

चौथ्या वर्षी पाकीट आलं नाही.
फोनवर आधी नुसतं संगीत वाजायचं,
मग तेही वाजेना.
ऑक्टोबरात, रात्री अडीचच्या सुमारास
मला जाग आली ती शांततेने.
वेंडेलही जागाच होता.
"थांबलं," तो म्हणाला,
आजाऱ्याच्या खोलीत म्हणतात तसं.

आता ते मान खाली घालून उभं आहे.
कंपनी बुडाली. राजाला पत्र लिहून विचारलं,
तर त्याचंही नाही म्हणे.
पांढऱ्या ट्रकमधून एक मुलगा येतो,
मीटर धरतो, वहीत आकडा लिहितो,
आकडा सांगत नाही.
त्याच्याभोवती चार पावलं गवत उगवत नाही.
त्यापलीकडे उगवतं, जरा जास्तच हिरवं.

विकून टाकू, असं वेंडेल म्हणतो.
शेलीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.
मी तिला विचारलं, पॉपलरमागचं सांगावं लागेल का?
"विचारलं तर," ती म्हणाली.

परवाच्या वादळात बाही फाटली,
बटणापासून खांद्यापर्यंत.
मी वेंडेलचा शर्ट घेतला, लाल, कोपरावर विरलेला.
तो अजून घालतो तो. त्याला विचारलं नाही.
शिवताना, मनगटाचं बटण ठेवावं की काढावं
यावर बराच वेळ सुई हातात धरून बसले.
ठेवलं.

शिडी ब्रिनने धरली.
बाही फुगली, जराशी पूर्वेला गेली,
मग कुणी हात लांब करून
दार दाखवावं, तशी घराकडे वळली.
मी शेवटची गाठ मारून खाली पाहिलं.
शिडी कुणी धरलेली नव्हती.
आत एकेक खिडकी लागत होती.