पाच नंबरचं शेपूट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी
मांडवी थोडा वेळ कुणाचीच नसते.
भरती संपलेली, सुकती लागायची असते.
हे मी वेळापत्रकवाल्यांना सांगितलं,
त्यांनी ते तीन भाषांत छापलं.
खाली माझं नाव नाही. असू दे.

मी दिवाडच्या फेरीबोटीवरचा खलाशी.
बावीस वर्षं दोर फेकतो, दोर ओढतो.
आज फेरी बंद, म्हणून मला इथं
तरंगत्या फळीवर पालथं झोपवलंय,
हात पाण्यावर लांब करून.
काम एवढंच: नावेचं शेपूट धरायचं,
भोंगा झाला की सोडायचं.
सगळी टोकं एका रेषेत हवीत.
काठावरची बाई कर्ण्यातून ओरडते,
"पाच नंबर, मागे. अजून. बोटभर."
मी बोटभर मागे घेतो
एक अख्खा माणूस.

माणूस म्हणजे इनास, मालारचा रेंदेर.
तोंड दिसत नाही, पाठ दिसते,
आणि पाठीवर, पट्ट्याच्या वर, टाक्यांची रांग,
गोणपाट शिवावं तशी.
तो माड दिवाडात सगळ्यांना ठाऊक आहे.
कमरेला काती, पाठीशी दुदी,
पावसात नाही, भर एप्रिलात,
कोरड्या ठाक खोडावरून.
खाली सूर सांडली होती.
मुंग्या आधी पोचल्या, माणसं मागाहून.

चार नंबरला हंगेरीचा, सहाला उझबेक,
त्यांच्या नावा आरशासारख्या.
इनासची उसनी,
बुडाशी दुसऱ्याच देशाचा झेंडा
अर्धा खरवडलेला.
दोनशे मीटर.
मी मनात हिशेब केला: दहा माड,
एकापुढे एक आडवे टाकले तर.
हा दिवसाला तीनदा चाळीस चढायचा.

मग सगळं गप्प.
खारफुटीतला खंड्या गप्प.
धक्क्यावर अडकलेले स्कूटरवाले,
पावाची टोपली घेतलेला पोदेर,
एरवी उशिरासाठी मला शिव्या घालणारे,
तेही.
नाव माझ्या मुठीत थरथरत होती
गळाला लागलेल्या तांबोशीसारखी.

भोंगा.
बावीस वर्षांत मी इतकं नेमकं
काही सोडलं नव्हतं.

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही.
मी पालथा, डोळ्यांच्या पातळीवर पाणी.
दिसले ते खांदे.
कमरेखाली सगळं स्वस्थ,
सामानासारखं आवळून बांधलेलं,
आणि वर तो चढत होता.
खरंच चढत होता. वल्हवणं नव्हतं ते.
खोडाला मिठी, सोड, वर मिठी, सोड,
आडव्या नदीवरून
कुठल्याशा शेंड्याकडे.
सातव्या माडाशी तो चौथा होता.
नवव्याशी वारा फिरला, किंवा दम.
चोपन्न सेकंद आणि वर काही.
सहावा.
आमच्या सारंगानं तरी फेरीचा भोंगा वाजवलाच,
पंचांनी त्याला झापलं.

परतला तेव्हा सुकती लागली होती,
पाणीच त्याला माझ्याकडे आणत होतं.
फळीशी थांबला. तेव्हा कुठे तोंड दिसलं,
भुवयांवर मीठ.
"मागे तूच होतास?"
"हो."
"थरथरत कोण होतं? तू की मी?"
मी म्हटलं, "पाणी."
तो हसला नाही.
"पाणी तर थांबलेलं," म्हणाला,
आणि वल्ह्यानं फळी ढकलून निघून गेला.

संध्याकाळी फेरी सुरू झाली.
चाकाची खुर्ची, मांडीवर आडवं वल्हं,
गळ्यात अजून तो कागदी बिल्ला.
तिकिटाचा नवा पोरगा खुर्चीपाशी घुटमळला.
गाडीला तिकीट आहे, पायी माणसाला नाही,
आणि ही चाकं कुठल्या रकान्यात
ते त्याच्या वहीत नव्हतं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
माझ्या हातात दोर.
इनास पलीकडच्या माडांकडे बघत म्हणाला,
"मला पायीच धर."